सोलच्या दुर्मीळ फॉर्टीफाइव्ह: कुठून सुरुवात करावी, काय तपासावं, काय ऐकावं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: साठच्या दशकातल्या सोल संगीताची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या, चर्चच्या गायकीतून आलेल्या गाण्यांची, संकलनं ऐकून वेड लागलंय, आता मूळ सात इंची रेकॉर्ड्स, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या फॉर्टीफाइव्ह, जमवायच्या आहेत. सुरुवात कुठून करायची, खरी आणि नकली कशी ओळखायची, आणि माझ्या स्वतःच्या लाडक्या रेकॉर्ड्स कोणत्या? मी मूळची पुण्याची, पण बरीच वर्षं मँचेस्टरमध्ये राहते. दुर्मीळ सोलचं वेड जगात पसरलं ते याच भागातून, त्यामुळे इथल्या जुन्या जाणत्यांकडून बरंच शिकायला मिळालं. तेव्हा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी ‘जगातल्या सर्वांत महागड्या सोल रेकॉर्ड्स’च्या याद्या बाजूला ठेवा. त्या वाचून असा समज होतो की महाग म्हणजे दुर्मीळ आणि दुर्मीळ म्हणजे थोर. या संगीतात रेकॉर्ड दुर्मीळ का झाली याचं कारण गाण्यात क्वचितच सापडतं. ते सापडतं गोदामात, रेडिओ स्टेशनवर, वितरकाच्या थकलेल्या बिलात आणि कधी कधी वकिलाच्या पत्रात. हा सगळा कारभार कसा चालायचा ते एकदा समजलं की काय शोधायचं आणि कशासाठी किती मोजायचे हे आपोआप कळायला लागतं.

१९६०च्या दशकातलं डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया किंवा मेम्फिस डोळ्यांसमोर आणा. गल्लीबोळात छोटी छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या. मालक कधी रेकॉर्डचं दुकान चालवणारा, कधी रेडिओवरचा निवेदक, कधी स्वतःच गायक. भाड्याच्या स्टुडिओत एका बैठकीत दोन गाणी व्हायची, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. मग कारखान्याला पैसे भरून पाचशे किंवा हजार प्रती काढायच्या. त्यातल्या काही पांढऱ्या लेबलच्या, ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेल्या, रेडिओ स्टेशनांना पाठवायच्या. काही आठवड्यांत कुणी वाजवलं नाही तर उरलेल्या प्रती गोदामात पडायच्या. पण गाणं वाजलं आणि गाजलं तरी मालकाची सुटका नव्हती, आणि लोकांना नेमकं हेच ठाऊक नसतं. इतर शहरांतून मागणी यायची, कारखाना नव्या प्रतींचे पैसे रोख आणि आगाऊ मागायचा, वितरक मात्र महिनोन्महिने पैसे द्यायचे नाहीत. गाणं चाललं म्हणूनच दिवाळं निघालं अशी लेबलं कमी नाहीत. त्यामुळे एखादी रेकॉर्ड आज दिसत नाही याचा अर्थ ती तेव्हा लोकांना आवडली नाही असा काढू नका. पुष्कळदा ती लोकांपर्यंत पोचलीच नव्हती.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध रेकॉर्ड म्हणजे फ्रँक विल्सनची ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ नावाच्या उपलेबलावर ती १९६५ साली छापली गेली. विल्सन हा मोटाउनचा तरुण निर्माता आणि गीतकार. ‘तुला गायक व्हायचंय की निर्माता?’ असं मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याने विचारलं आणि त्याने निर्माता होणं पसंत केलं, अशी हकीकत सांगतात. रेकॉर्ड मागे घेतली गेली, छापलेल्या प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. २००९ साली त्यातल्या एका प्रतीला २५ हजार पौंडांहून जास्त किंमत आली. विल्सनने पुढे फोर टॉप्स, सुप्रीम्स, एडी केंड्रिक्स यांच्यासाठी उत्तम काम केलं. गाणं म्हणाल तर ते खरोखरच उडत्या चालीचं, निर्भर आनंदाचं आहे. पण त्याच्या तोडीची गाणी आजही पाच-दहा पौंडांत मिळतात, आणि हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

दुसरं उदाहरण डॅरेल बँक्सचं. ‘ओपन द डोअर टु युअर हार्ट’ ही डेट्रॉइटच्या रेव्हिलॉट लेबलवरची १९६६ची अमेरिकी प्रत आजही सहज मिळते, कारण गाणं तिकडे चांगलंच गाजलं होतं. पण तेच गाणं इंग्लंडमध्ये ‘लंडन’ लेबलने काढायला घेतलं, हक्क आपल्याकडे असल्याचं ‘स्टेटसाइड’ या दुसऱ्या लेबलने दाखवलं आणि लंडनला रेकॉर्ड मागे घ्यावी लागली. मागे घेण्याआधी बाहेर निसटलेली विक्रीची प्रत कित्येक वर्षांनी उजेडात आली आणि हजारो पौंडांना गेली. गाणं तेच, आवाज तोच, फरक फक्त लेबलच्या कागदाचा. ज्यांना कागद जमवायचा आहे त्यांनी जरूर जमवावा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण तुम्ही संगीतासाठी येताय, तर रेव्हिलॉटची प्रत घ्या आणि उरलेल्या पैशांत आणखी पुष्कळ गाणी घ्या.

आता या सगळ्यात उत्तर इंग्लंड कुठून आलं? १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतलं कृष्णवर्णीय संगीत बदलत होतं, ताल फंककडे, म्हणजे तुटक, ठसक्याच्या ठेक्याकडे झुकत होता. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात येणाऱ्या तरुणांना मात्र १९६४ ते ६७च्या सुमाराचा वेगवान, सरळ ठेक्याचा सोलच हवा होता. तशी नवी गाणी निघणं बंद झालं होतं. मग उपाय एकच: तेव्हा निघालेली पण न खपलेली गाणी शोधून काढायची. इथले डीजे अमेरिकेत जाऊन गोदामं उपसायला लागले. लंडनमध्ये ‘सोल सिटी’ हे दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं. व्हील १९७१ साली बंद पडला. मग याच भागातले दुसरे क्लब आले: टन्स्टॉलचा गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेकाची हायलँड रूम आणि सप्टेंबर १९७३ पासून विगन कसिनो. विगनला रात्रभर नाच चालायचा, दारू मिळायची नाही आणि सकाळी आठ वाजता बंद होण्याआधी शेवटची तीन गाणी ठरलेली असायची: टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश. यातला डीन पॅरिश न्यूयॉर्कचा. आपलं ‘आय’म ऑन माय वे’ हे गाणं इंग्लंडमधल्या एका गिरणगावात दर आठवड्याला शेवटचं म्हणून वाजतं, याचा त्याला कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. विगन कसिनो १९८१ साली बंद झाला.

ग्लोरिया जोन्सच्या ‘टेंटेड लव्ह’ची कथा याच काळातली. १९६५ साली चँपियन लेबलवर ‘माय बॅड बॉइज कमिंग होम’ या गाण्याच्या मागच्या बाजूला ते आलं आणि तिथेच विरून गेलं. १९७३ साली रिचर्ड सर्लिंग या डीजेला ते फिलाडेल्फियात मिळालं, इथल्या क्लबांत त्याने ते वाजवलं, आणि १९८१ साली सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीने नव्याने गायल्यावर ते जगभर पोचलं. मूळ ग्लोरिया जोन्सचंच ऐका. त्यातली घाई, श्वास न घेता पळत सुटल्यासारखी गायकी नंतरच्या कुठल्याही रूपात नाही. मागची बाजू कायम ऐकावी हा धडा मी या गाण्यावरून घेतला. स्टुडिओत मागच्या बाजूकडे फारसं कुणी लक्ष द्यायचं नाही, म्हणूनच गायक-वादक तिथे मोकळे व्हायचे.

त्या काळातली एक प्रथा मला कधीच पटली नाही. एखाद्या डीजेला दुर्मीळ गाणं सापडलं की तो लेबलवर कागद चिकटवून दुसरंच नाव सांगायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शोधता येऊ नये. फ्रँक विल्सनचं गाणंही आधी ‘एडी फोस्टर’ या खोट्या नावाने वाजवलं गेलं. स्पर्धा म्हणून ते समजू शकतं. पण ज्या गायकाला त्याच्याच शहरात नाव मिळालं नाही, त्याचं नाव परदेशातही झाकून ठेवायचं, हे मला आजही टोचतं. म्हणून विनंती आहे की आवडलेलं गाणं लोकांना ऐकवाल तेव्हा गायकाचं नाव, लेबल, शहर, साल आणि लेबलवर असेल तर गीतकाराचं नावही सांगा.

आता सुरुवातीचं. माझा सल्ला असा की एक शहर पकडा. आपल्याकडे घराण्यागणिक गायकी बदलते, तसा इथे शहरागणिक आवाज बदलतो आणि थोड्या सवयीने दोन-चार सुरांत ओळखूही येतो. डेट्रॉइटमध्ये खंजिरीची धार, खालच्या पट्टीतला सॅक्सोफोन आणि प्रत्येक मात्रेवर पडणारा ड्रम. शिकागोत हवेशीर ब्रास आणि कर्टिस मेफिल्डच्या गिटारची नाजूक बोटं. मेम्फिसमध्ये संथ ऑर्गन आणि चर्चमधून थेट आलेला गळा. फिलाडेल्फियात तंतुवाद्यांची गर्दी. डेट्रॉइट घेतलंत तर मोटाउनच्या सावलीत वाढलेल्या लेबलांपासून सुरू करा. एड विंगेटची गोल्डन वर्ल्ड आणि रिक-टिक ही त्यातली प्रमुख. मोटाउनचे पगारी वादक रात्री गुपचूप त्याच्या स्टुडिओत वाजवायचे, त्यामुळे आवाज जवळजवळ मोटाउनचाच. शेवटी गॉर्डीने १९६६ साली गोल्डन वर्ल्ड आणि १९६८ साली रिक-टिक विकत घेऊन हा प्रश्न मिटवला. एडविन स्टारचं १९६५चं ‘एजंट डबल-ओ-सोल’ हे रिक-टिकचं गाणं गाजलेलं, म्हणूनच स्वस्त, आणि पहिली रेकॉर्ड म्हणून उत्तम आहे. शिकागो आवडलं तर निर्माता कार्ल डेव्हिसच्या हाताखालचं ओके लेबल घ्या: मेजर लान्सचं ‘द मंकी टाइम’, वॉल्टर जॅक्सनची संथ गाणी. ही सगळी गाणी त्या वेळी खपली, म्हणून आजही परवडतात.

रेकॉर्ड हातात आल्यावर काय बघायचं ते नीट सांगते, कारण खरं शिक्षण तिथेच आहे.

गाण्याचे चर संपतात आणि लेबल सुरू होतं त्यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरली की तिथे कोरलेले आकडे आणि खुणा दिसतात. एखाद्या अनोळखी लेबलवर साल छापलेलं नसतं, पण आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात दुसऱ्यांसाठी काढलेली रेकॉर्ड असेल तर आकड्याआधी चार चिन्हांचा एक गट सापडतो आणि त्यातलं पहिलं अक्षर साल सांगतं. आर असेल तर १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७ आणि डब्ल्यू १९६८. लेबलवर फक्त एका अनोळखी गटाचं नाव आणि शिकागोतला पत्ता आहे, आणि डेड वॅक्समध्ये ‘टीके४एम’ दिसतंय, म्हणजे रेकॉर्ड १९६६ची. एवढ्याशा खुणेवरून लेबलचा अख्खा इतिहास क्रमाने लावता येतो. छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसला तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची. हे आकडे चढत्या क्रमाने दिलेले असत, त्यामुळे त्यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. एआरपी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसली तर मिशिगनमधल्या ओवोसो गावचा कारखाना. मोटाउनच्या कितीतरी रेकॉर्ड्स तिथे निघाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे रेकॉर्ड कशाची आहे. अमेरिकी फॉर्टीफाइव्ह दोन प्रकारच्या: व्हिनाइल आणि स्टायरीन. व्हिनाइलला थोडी लवचिकता असते आणि लेबल दाबाखाली रेकॉर्डमध्येच बसवलेलं असतं. स्टायरीन साच्यात ओतलेलं, कडक, कडेला चौकोनी धार असलेलं. नखाने हलकेच टिचकी मारली तर टणक, चिरका आवाज येतो. लेबल बहुधा वरून चिकटवलेलं, म्हणून कधी कधी सुटतं. मोनार्कचा बराच माल स्टायरीनचा होता, आणि कोलंबियाच्या न्यू जर्सीतल्या पिटमन कारखान्यातून निघालेल्या ओके आणि कोलंबियाच्या फॉर्टीफाइव्हही. स्टायरीन नव्या सुईने ऐकलं तर आवाज फार स्वच्छ येतो, पण जड किंवा झिजलेल्या सुईने चर कायमचे भाजून निघतात आणि गाण्याच्या तारसप्तकात फरफर ऐकू येते. रेडिओवरचे डीजे गाण्याची सुरुवात पकडायला रेकॉर्ड हाताने मागे-पुढे फिरवायचे, म्हणून रेडिओच्या प्रतींत पहिल्या दोन-तीन सेकंदांत हमखास खरखर असते. ती कुठल्याही सफाईने जात नाही.

यावरून एक मोठी गोष्ट निघते. स्टायरीनची रेकॉर्ड डोळ्याला लखलखीत दिसूनही कानाला गेलेली असू शकते, आणि ओरखड्यांनी भरलेली व्हिनाइल मजेत वाजू शकते. विक्रेते बहुतेक वेळा नुसतं बघून दर्जा लिहितात. अमेरिकी पद्धतीत निअर मिंट (जवळजवळ नवी), त्याखाली व्हीजी प्लस, मग व्हीजी, म्हणजे ‘व्हेरी गुड’. व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या निम्मी आणि व्हीजीची पाव, असा ढोबळ हिशोब असतो. ‘व्हेरी गुड’ वाचून फसू नका, या व्यवहारात त्याचा अर्थ बऱ्यापैकी वापरलेली असा होतो. विक्रेत्याला नम्रपणे विचारा की वाजवून बघितलीय का, आणि सुरुवातीचे दहा सेकंद मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवाल का. चांगला विक्रेता पाठवतो. लेबलवर पेनाने लिहिलेलं नाव किंवा लेबलमधून आरपार पाडलेलं छोटं भोक याला घाबरू नका. भोक म्हणजे उरलेला माल स्वस्तात काढल्याची खूण, गाण्याला त्याने काही होत नाही आणि किंमत मात्र उतरते. माझ्या संग्रहातल्या उत्तम आवाजाच्या कितीतरी रेकॉर्ड्स भोकाच्या आहेत, कारण त्या कधी वाजल्याच नव्हत्या.

नकली प्रती. महागड्या नॉर्दर्न सोलच्या बनावट प्रती १९७०च्या दशकापासूनच निघत आल्या आहेत, म्हणजे नकलीलाही आता पन्नास वर्षांचं वय आहे. कागद जुना दिसतोय एवढ्यावर जाऊ नका. डेड वॅक्समधले आकडे मूळ प्रतीत यंत्राने ठोकलेले आहेत आणि तुमच्या प्रतीत हाताने खरडलेले, तर थांबा. मूळ स्टायरीन असल्याचं नक्की ठाऊक आहे आणि हातातली व्हिनाइल आहे, तरी थांबा, पण त्याच वेळी दुसऱ्या कारखान्याची खरी प्रत असू शकते हेही तपासा. बारीक अक्षरं भिंगातून बघा. फोटोवरून छापलेल्या लेबलावर अक्षरांच्या कडा विरघळलेल्या दिसतात. आणि सगळ्यात खात्रीची खूण कानात असते: रेकॉर्ड चकचकीत, एकही ओरखडा नाही, आणि आवाजात मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डची टिकटिक ऐकू येते. म्हणजे मूळ टेपवरून न काढता एका वापरलेल्या प्रतीवरूनच ती उतरवली आहे. काही हजार रुपयांच्या वरची रेकॉर्ड घेताना दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

भारतात राहून घ्यायच्या तर पहिली अडचण टपालखर्चाची. एका रेकॉर्डचं टपाल रेकॉर्डपेक्षा महाग पडतं, पाच-सहांचं फारसं वाढत नाही. म्हणून एक विश्वासू विक्रेता धरा आणि त्याच्याकडून एकदम घ्या. आयात शुल्काचा अंदाज आधी घ्या. चोरबाजारात हिंदी-मराठी ईपी भरपूर मिळतील, पण छोट्या सोल लेबलांच्या रेकॉर्ड्स अमेरिकेबाहेर मुळात फारशा गेल्याच नाहीत, त्यामुळे त्यासाठी तिथे खेटे घालू नका. अमेरिकी फॉर्टीफाइव्हचं मधलं भोक मोठं, सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं, तेव्हा टर्नटेबलवर बसवायला अडॅप्टर लागेल. स्टायरीनसाठी चांगली, नवी, गोल टोकाची सुई आणि सुईवर बेताचं वजन ठेवा. धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड. स्टायरीनला अल्कोहोल अजिबात लावू नका. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कोकणात किंवा मुंबईत कागदी पाकिटं ओल धरतात आणि लेबलवर बुरशीचे ठिपके येतात, म्हणून जुनी पाकिटं काढून नवी घाला, रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, कपाट भिंतीपासून सुटं ठेवा. आणि उन्हाळ्यात गाडीत कधीही विसरू नका.

आता माझ्या लाडक्या. मुद्दामच अशा सांगते ज्या मिळू शकतील.

लिंडा जोन्सचं ‘हिप्नोटाइज्ड’, लोमा लेबल, १९६७. लोमा हे वॉर्नर ब्रदर्सचं छोटं सोल लेबल, जॉर्ज कर हा निर्माता. लिंडा जोन्स गाणं गात नाही, गाण्याशी भांडते. एक शब्द घेते, त्याचे तुकडे करते, सूर वर फेकते आणि तो खाली येण्याआधी दुसरा पकडते. काही लोकांना हे अति वाटतं. मला वाटत नाही, कारण प्रत्येक तान शब्दाच्या अर्थालाच जाऊन भिडते. तिला लहानपणापासून मधुमेह होता. १९७२ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. गाणं गाजलेलं असल्यामुळे लोमाची प्रत अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. एखाद्याला सोल म्हणजे काय ते एकाच रेकॉर्डमध्ये ऐकवायचं झालं तर मी बऱ्याचदा हीच लावते.

लॉरेन एलिसनचं ‘स्टे विथ मी’, वॉर्नर ब्रदर्स, १९६६. फ्रँक सिनात्राने ऐन वेळी ध्वनिमुद्रण रद्द केलं, अख्खा वाद्यवृंद ठरलेला होता, आणि निर्माता जेरी रॅगोव्हॉयने ती संधी साधून एलिसनला उभं केलं. गाणं हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू होतं आणि धृपदाला ती जो आवाज सोडते त्याने पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदावर एकटा गळा मात करतो. मागची बाजूही ऐका.

वॉल्टर जॅक्सन, ‘इट्स अॅन अपहिल क्लाइंब टु द बॉटम’, ओके, १९६६. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे जॅक्सन कुबड्यांवर उभा राहून गायचा. त्याचा आवाज मोठा आणि भारदस्त, पण तो कधी जोर लावत नाही. नॉर्दर्न सोलवाल्यांना वेग हवा असतो म्हणून असे संथ गायक मागे राहिले आणि त्यांच्या रेकॉर्ड्स स्वस्त राहिल्या. पैसे कमी आणि कान चांगला असेल तर संथ सोलकडे वळा. इथे अजून खूप काही न उचललेलं पडलं आहे.

त्याच वाटेवर जेम्स कार. मेम्फिसच्या गोल्डवॅक्स लेबलवरचं ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’, डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी लिहिलेलं. लपूनछपून भेटणाऱ्या दोघांचं गाणं. पुढे अनेकांनी गायलं, पण कारच्या आवाजात पकडले जाण्याची जी खात्री आहे ती दुसऱ्या कुणालाच साधली नाही. ड्रमचा ठोका एवढा सावकाश पडतो की पुढचा पडेल की नाही अशी शंका यावी.

आणि एक खरोखर दुर्मीळ. ओहायोतल्या कोलंबस शहरात बिल मॉस या रेडिओ निवेदकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅपसोल नावाचं लेबल काढलं. काही मोजक्या रेकॉर्ड्स, मग बंद. त्यातला जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर हा चौघांचा गट आणि त्यांचं ‘यू कान्ट ब्लेम मी’. उंच पट्टीतला मुख्य आवाज आणि मागे तिघांचा आधार, प्रेम तुटल्याचं दुःख पण कुठेही रडगाणं नाही. मूळ प्रत महाग आहे. तुम्ही ती घेऊ नका. जुनी गाणी पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ साली आपलं पहिलंच प्रकाशन म्हणून कॅपसोलचं संकलन काढलं, ते घ्या. त्यात हे गाणं आहे आणि लेबलचा इतिहासही.

पुनर्मुद्रणाबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ रेकॉर्ड आपण पाचशे पौंडांना घेतली तरी गायकाला किंवा त्याच्या मुलाबाळांना त्यातला छदामही जात नाही, सगळे पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात. न्यूमेरो किंवा लंडनचं केंट लेबल, जे १९८२ पासून हे काम करतंय, मूळ हक्कदारांना शोधून, परवाना घेऊन, शक्य तिथे मूळ टेपवरून गाणी काढतं. डेव्ह गॉडिननेच केंटसाठी निवडलेले संथ सोलचे संग्रह तर प्रत्येकाकडे असायला हवेत. म्हणून माझा नियम असा की गाणं आधी परवानाधारक संकलनातून ऐकायचं, ते महिनाभर मनातून हललं नाही तरच मूळ प्रत शोधायची. अनधिकृत नव्या प्रती मात्र, कितीही सुबक असोत, मी घेत नाही.

तेव्हा पहिल्या खेपेला एडविन स्टार, मेजर लान्स, वॉल्टर जॅक्सन आणि लिंडा जोन्स या चार घ्या, एकाच विक्रेत्याकडे मिळाल्या तर फारच छान. आल्या की आधी मागच्या बाजू ऐका. आणि डेड वॅक्सचे फोटो दिव्याखाली तिरपे धरून काढा आणि पाठवा. कुठली कुठल्या कारखान्यातली ते मी वाचून कळवते.